हुपरीकरांच्या घरातली दुपारची भुतं

बसा मंडळी, बसा. बायकांच्या बाजूचा पंखा फिरतोय ना? पुरुषांकडचा बंद आहे, ते दिसतंय मला. राहू दे! पुरुषांना आज तसाही घाम फुटणार आहे. देवाचं नाव घ्या एकदा. असं नाही, पोटातून घ्या! ओठांतून तर आपण रिक्षावाल्याशीही गोड बोलतो. हां... आता ऐका.

आज मी तुमच्यापुढे जरा गोंधळलेला उभा आहे. हसू नका! तुम्हाला वाटतं, बुवाकडे सगळ्याची उत्तरं असतात. आज बुवाकडे प्रश्न आहे. प्रश्न असा — आपलं जवळचं माणूस गेलं, तर दुःख कसं करावं? रडावं? किती? कुणासमोर? आणि नाहीच रडलं एखादं माणूस, तर त्याला दुःख झालं नाही असं समजायचं का? आणि मंडळी... रडायचं सोडून ते माणूस भुताचे पिक्चर बघत बसलं तर?

बघा! पोरं लगेच पुढे सरकली! मघाशी नामस्मरण चाललं होतं तेव्हा चपलांशी खेळत होती. सरका, सरका पुढे. भूत आहे आजच्या आख्यानात. एक नाही, ढीगभर आहेत!

तर मिरजेत हुपरीकरांचं घर. छोटंसं, रस्त्याला लागून, दाराशी दोन पायऱ्या. अच्युतराव हुपरीकर पेट्या दुरुस्त करायचे. पेट्या म्हणजे कपड्यांच्या नव्हेत हो, वाजवायच्या! आमचे हे पेटीवाले मान डोलावतायत बघा — ओळखायचे त्यांना. भाता फाटला, सूर बसला, पट्टी अडकली — घेऊन जा अच्युतरावांकडे. स्वभावाने गरीब, बोलणं कमी, आणि घरभर लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास! त्या वासावरून बायकोशी रोज वाजायचं. बायकोचं नाव प्रमिला. आपण काकू म्हणू. काकूंनी मला सांगितलंय, "बुवा, खुशाल सांगा कीर्तनात. फक्त मला रडकी करू नका." म्हणून सांगतोय.

भाद्रपदातली गोष्ट. एका देवळातली पेटी दुरुस्त झाली होती. अच्युतराव सकाळी ती पोचवायला गेले. पेटी दिली, पुजाऱ्याला एक सूर वाजवून दाखवला, देवळाच्या पायरीवर टेकले — आणि संपलं. पुजारी पाणी घेऊन आला तोवर माणूस गेलेला!

घरी आणलं. गल्ली गोळा झाली. आता मंडळी, आपल्याकडची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांचं लक्ष कुठे? गेलेल्याकडे? छे! बायकोकडे! ती रडते का, कशी रडते! आणि प्रमिलाकाकू रडेचनात. भिंतीला टेकून बसलेल्या. डोळे कोरडे. सांगलीहून नणंद आली — बेबीआत्या. तिने गळ्यात पडून हंबरडा फोडला. "वहिनी, रडा हो! मोकळ्या व्हा!" काकूंनी तिची पाठ थोपटली आणि विचारलं, "चहा घेतलास का प्रवासातून आल्यावर?"

झालं! कुजबुज सुरू. कुणी म्हणालं धक्का बसलाय. कुणी म्हणालं, पहिल्यापासून जरा कठोरच आहे. एकीने तर कांदा आणून ठेवला हो शेजारी! कशाला? तुम्हीच ओळखा!

दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. काकू स्वयंपाक करत, देवपूजा करत, कपडे घड्या करत. सगळं जिथल्या तिथे. फक्त बोलणं गेलं. बाहेर जाणं गेलं. मुलगा निरंजन कुपवाडला कारखान्यात. सून केतकी दाताच्या दवाखान्यात कामाला. दोघं सकाळी जायची, संध्याकाळी यायची. मधला अख्खा दिवस काकू एकट्या.

निरंजन चांगला मुलगा. त्याला वाटलं, आईला काहीतरी विरंगुळा पाहिजे. त्याने काय केलं — नवीन टीव्ही आणला, त्यावर ते ओटीटी घेतलं. माहीत आहे ना? सगळ्यांना माहीत आहे! पोथी कुठे ठेवलीय ते विचारलं तर सांगता येणार नाही, पण ओटीटीचा पासवर्ड तोंडपाठ! हजारो पिक्चर. एकाखाली एक रांगा. आपण काय बघू, काय बघू करत रिमोट दाबत राहतो, ताटातली भाजी गार होते, आणि शेवटी जे मागच्या आठवड्यात पाहिलं तेच पुन्हा लावतो. खरं की नाही?

निरंजनने आईला शिकवलं. "आई, हे बघ, इथे अभंग. इथे तीर्थयात्रा. इथे जुने कौटुंबिक पिक्चर. हे बटण दाबलं की चालू."

काकू म्हणाल्या, "बरं."

दिवाळी गेली — केली नाही अर्थात. संक्रांत गेली. आणि एका रविवारी बेबीआत्या आल्या, पेढे घेऊन. केतकी म्हणाली, "आत्या, बसा, तुम्हाला कीर्तन लावते." — बघा, अशा चांगल्या सुनाही असतात! — आणि तिने टीव्ही लावला.

मंडळी! पडद्यावर काय? वर मोठ्या अक्षरांत — 'खास तुमच्यासाठी निवडलेले.' आणि खाली? विहिरीतून वर येणारा हात! केस सोडलेली पांढऱ्या साडीतली बाई! डोळे नसलेली बाहुली! आरशात एक चेहरा आणि आरशासमोर कुणीच नाही! रांगच्या रांग भुतांची! आणि त्या सगळ्या गर्दीत मधेच एक, बिचारं एकटं — काशीयात्रेचं चित्र. म्हणजे त्या यंत्राचासुद्धा गोंधळ उडालेला हो! हे घर आहे तरी कुणाचं?

आत्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "अगं बाई! हे कोण बघतं तुमच्याकडे?"

केतकीने नवऱ्याकडे पाहिलं. निरंजनने बायकोकडे पाहिलं.

"मी नाही," निरंजन म्हणाला.

"मग मी? मला पाल दिसली तरी मी पलंगावर चढते!"

"मग आपोआप आलं का?"

"मला काय माहीत? तूच रात्री जागतोस!"

"मी ऑफिसचं काम करतो!"

भांडण जुंपलं. आणि या सगळ्यात काकू शांतपणे आत्यांच्या चहात साखर ढवळत होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलंच नाही. म्हाताऱ्या आईवर कोण संशय घेणार? तुम्ही घेतला असता? मीही नसता घेतला!

पुढे एकदा काय झालं, दवाखान्यातले डॉक्टर गावाला गेले म्हणून केतकी दुपारीच घरी आली. दार नुसतं लोटलेलं. आत अंधार, पडदे ओढलेले. आणि आतून किंकाळी! केतकीने चपला पायरीवरच सोडल्या. तिने हळूच डोकावून पाहिलं. टीव्हीवर एक मुलगी जिन्यावरून धावतेय, मागून कोणीतरी पांढरंफटक येतंय, आणि समोर जमिनीवर मांडी घालून प्रमिलाकाकू — मटार सोलतायत! भीती नाही, दचकणं नाही. उलट त्या मुलीवर चिडलेल्या!

"अगं, पळतेस काय अशी? आलंय बिचारं, तर थांब की! विचार तरी त्याला, काय पाहिजे ते!"

आणि भुताला म्हणतात, "तुम्ही तरी किती वेळ जिना चढाल? बसा आता."

केतकी उलट्या पावली बाहेर आली. उन्हात पायरीवर बसून राहिली. तिने मला सांगितलं, "बुवा, मला पिक्चरमधल्या भुताची भीती वाटली नाही. मला आईंची वाटली."

रात्री तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने आत्याला. आणि आत्याला एकदा सांगितलं म्हणजे सांगलीला सांगितलं! आत्यांचा निकाल तयार — "बाहेरचं लागलंय. नवऱ्यामागे रडली नाही तेव्हाच मला शंका आली होती. माझ्या माहितीत एक जण आहेत, ते धुरी देतात."

निरंजन शिकलेला. तो म्हणाला धुरीबिरी काही नको. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तपासलं. म्हणाला, "यांचं ब्लडप्रेशर तुमच्यापेक्षा चांगलं आहे." आता काय करायचं? मग निरंजन आला माझ्याकडे.

"बुवा, आईला असं असं झालंय. काहीतरी मार्ग सांगा."

मी म्हटलं, "तुम्ही आईंना विचारलंत का, त्या हे का बघतात?"

"नाही."

"का बरं?"

त्याने खाली पाहिलं. "विचारायचं कसं, बुवा?"

बघा मंडळी. आपण परक्या माणसाला बेलाशक विचारतो — पगार किती, लग्न का नाही केलं, मूल कधी! आणि आईला एक प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही. हे असं का होतं? मला खरंच कळत नाही. तो गेला उठून.

घरी जाऊन निरंजनने काय केलं? त्या टीव्हीला कुलूप लावलं! हो, असतं तसं. लहान मुलांनी भलतंसलतं बघू नये म्हणून आकडे टाकून बंद करतात, तसं आईसाठी केलं. सगळी भुतं गायब. उरले काय? ससे, हत्ती, गाणारी बदकं. आणि भक्तिगीतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मुलाला विचारलं, "अरे, ते दिसत नाहीत रे माझे पिक्चर."

निरंजन म्हणाला, "कंपनीने काढून टाकले, आई."

काकूंनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सगळेच? एकही ठेवला नाही?"

"नाही."

"सगळेच गेले," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

त्या दिवसापासून काकू जेवणावरून लवकर उठायला लागल्या. मग जेवायला बसेनाशाच झाल्या. दुपारी टीव्हीसमोर बसायच्या, समोर ससे उड्या मारतायत, आणि या नुसत्या बघतायत. तक्रार नाही, राग नाही. चैत्र आला तोवर बाई निम्म्या झाल्या. बांगड्या मनगटातून घसरून पडायला लागल्या. डॉक्टर आता हसेना. म्हणाला, "असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. रोग सापडत नाही, पण माणूस चाललंय."

एका दुपारी केतकीला राहवेना. सुट्टी टाकून घरी थांबली. बघतेय — सासूबाई सशाकडे टक लावून बसल्यात. मंडळी, तिला काही कळलेलं नव्हतं हं! तुमच्या-आमच्याइतकीच ती गोंधळलेली होती. पण तिने रिमोट घेतला, ते आकडे टाकले, कुलूप काढलं. सासूबाईंच्या शेजारी खाली बसली.

"आई, कोणतं लावू?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "काढून टाकले होते ना?"

"नाही आई. आम्ही बंद केले होते. चुकलं आमचं. सांगा, कोणतं लावू?"

भुतांची रांग पुन्हा पडद्यावर आली. केतकी एकेक दाखवायला लागली, एक डोळा मिटून!

"हे?"

"छे गं. यात माणसंच माणसांना सुरीने मारतात. ते कशाला बघायचं?"

"मग हे?"

"तो राक्षस आहे. तो कुणाचाच नाही."

"ही बाहुली?"

"नको. बाहुलीचं काय? तिची कोण वाट बघतंय?"

केतकी पुढे पुढे सरकत गेली. तिला वाटत होतं, भूत म्हणजे भूत. आणि इथे ही बाई एकेक पाखडून टाकतेय, तांदूळ निवडावेत तशी! शेवटी एका चित्रावर काकूंनी बोट ठेवलं. एक अंगण, एक फाटक, फाटकाशी उभा एक म्हातारा.

"हे लाव. यात घरचं माणूस आलंय."

केतकी थांबली. "घरचं म्हणजे?"

"म्हणजे त्यांचंच. गेलेलं." काकू म्हणाल्या, "या पिक्चरांत गेलेली माणसं परत येतात गं. दुसऱ्या कुठल्याच पिक्चरमध्ये येत नाहीत. तुमच्या त्या कौटुंबिक पिक्चरमध्ये माणूस गेला की भिंतीवर फोटो, त्याला हार, की संपलं. इथे येतात. दार वाजवतात. आणि घरातली ही माणसं किंचाळत पळतात! मला इतका राग येतो!"

...

थांबा मंडळी. पेटी नको. जरा शांतच राहू दे.

केतकीने पिक्चर लावला. परदेशातला होता, गोरी माणसं हिंदीत बोलत होती. नावाड्याचं घर. म्हातारा नदीत बुडालेला. दर संध्याकाळी तो ओल्या कपड्यांनी येतो, कडी वाजवतो. घरातले घाबरतात, कुणा जाणत्याला बोलावतात. तो उंबऱ्यावर खिळे ठोकतो, राख पसरतो. आमच्या केतकीने सासूबाईंचा हात घट्ट धरलाय! आणि शेवटी तो म्हातारा येतो, खिळे बघतो, बंद दार बघतो. काही करत नाही हो. ओरडत नाही, कुणाचा गळा धरत नाही. नुसता वळतो आणि फाटकातून निघून जातो.

काकूंचा हात सुटला. "वळला बघ," त्या म्हणाल्या. "हे पण असेच गेले असतील."

केतकी म्हणाली, "आई, बाबांना आपण घरी आणलं होतं."

"आणलं गं. ते आले नाहीत." काकूंचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्या दिवशी सकाळी माझ्या नव्या पातेल्यात त्यांनी सरस उकळला. मी इतकी चिडले! बोलेनाच. पेटी उचलली, दारातून म्हणाले, 'येतो गं.' रोज मी म्हणायचे, 'या.' त्या दिवशी नाही म्हणाले. ते थांबले होते दारात थोडा वेळ. मला पाठमोरीला कळत होतं थांबलेत ते. तरी नाही म्हणाले. मी 'या' म्हणालेच नाही, केतकी. मग ते येतील कसे?"

मंडळी, आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो. आणि घरातलं माणूस म्हणतं, 'या.' किती छोटा शब्द! सबंध गल्ली या बाईला रडवायला निघाली होती, आणि हिच्या घशात हा एवढासा शब्द अडकला होता. तो बाहेर पडल्याशिवाय रडू येणार कुठून?

आता केतकीने काय करावं? शहाणी सून असती तर म्हणाली असती, "आई, असं मनाला लावून घेऊ नका." आपण सगळे शहाणे आहोत, आपण हेच म्हणतो! पण आमची केतकी! ती पटकन म्हणून गेली, "मग आत्ता म्हणा ना."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, भिंत धरून उठल्या. दाराशी गेल्या, दार सताड उघडलं. बाहेर चैत्रातलं ऊन. रस्ता रिकामा. काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मागे केतकी. तिच्या अंगावर काटा आलेला! ती मला म्हणाली, "बुवा, मला खरंच वाटलं, आता बाबा आले तर? मी काय करू? पळू की पाणी देऊ?"

काकू म्हणाल्या, "या."

पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने, "या हो."

कोण येणार? कुणी आलं नाही. समोरच्या घरातली बाई वाळवण राखत बसली होती, तिने वर पाहिलं. तिला वाटलं मलाच बोलावतायत! एवढंच. ऊन तसंच. रस्ता तसाच.

आणि काकू तिथेच उंबऱ्यात खाली बसल्या, आणि रडल्या. भाद्रपदातलं रडू चैत्रात आलं! केतकीने त्यांना कुशीत घेतलं आणि तीही रडायला लागली. समोरची बाई वाळवण सोडून धावत आली, तीही रडायला लागली — का ते तिला ठाऊक नव्हतं! संध्याकाळी निरंजन आला, तर दारात तीन बायका बसलेल्या, डोळे सुजलेले, आत टीव्हीवर आपोआप लागलेल्या पुढच्या पिक्चरमधलं एक मुंडकं हसतंय! म्हणाला, "काय झालं?" केतकी म्हणाली, "चहा कर." त्याने केला. त्याला आजही सगळं नीट कळलेलं नाही. पण चहा करायला समजावं लागतंच असं कुठे आहे?

मग काकू बऱ्या झाल्या का? जेवायला लागल्या, हे खरं. बोलायला लागल्या. पण भुताचे पिक्चर सुटले नाहीत हो! अजून बघतात. तुम्हाला वाटलं असेल, बुवा सांगणार आता काकू हरिपाठ वाचतात. हरिपाठही वाचतात आणि तेही बघतात! केतकी असते शेजारी, उशी तोंडावर धरून. आणि कुणी विश्वास ठेवणार नाही — बेबीआत्या येतात सांगलीहून, मुद्दाम! सगळ्यात जास्त किंचाळतात त्या. मी काकूंना विचारलं, "अजून त्यांची वाट बघता का?" त्या म्हणाल्या, "बुवा, ते मला सांगता येत नाही." मग मीही पुढे विचारलं नाही.

तर आता प्रश्न तुमच्यावर आला. घाबरू नका, सोपा आहे. तुमच्या घरात कुणीतरी आहे. दिवसभर एकच जुनं गाणं लावणारा बाप आहे. बंद पडलेल्या फोनशी बोलणारी मावशी आहे. मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेला मुलगा आहे. तुम्हाला वाटतं, हे काय चमत्कारिक! तुम्ही लगेच औषध शोधता, कुलूप शोधता, माझ्यासारख्या बुवाला गाठता. अहो, बुवाला काय कळतंय! काकूंच्या शेजारी कोण जाऊन बसलं, सांगा! केतकी! समोर जे चाललंय ते तुम्हाला कळायलाच पाहिजे असं नाही. मला तरी कुठे कळलं? शोक कसा करावा, ते मला आजही सांगता येत नाही. पण शोक करणाऱ्याला एकट्याला ठेवू नये, इतकं मी केतकीकडून शिकलो.

ते खांबाजवळचे गृहस्थ... हो, तुम्हीच. निळा सदरा. मघापासून तीनदा डोळे पुसलेत तुम्ही. घरी कोण आहे?

आई?

एकटीच आहे आत्ता?

मग इथे काय करताय? उठा! आरती आम्ही करतो. तुमचा प्रसाद वेगळा काढून ठेवतो. वाट द्या रे त्यांना... या, इकडून या... चपला सापडल्या का? जा. हळू जा, पण जा.